हिरवं हाय अजून

उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख वाढवलेला माणूस समोर आला की मी आजही रस्ता बदलते. गेल्या महिन्यात बारामतीच्या मंडईत एकजण दुधी भोपळे निवडत होता. प्रत्येक भोपळ्याला नख लावायचा, ओरखडा निरखायचा, खाली ठेवायचा. मी माझी पिशवी तिथंच टाकून रिक्षात बसले. घरी नवऱ्यानं विचारलं, "भाजी कुठाय?" म्हटलं, "विसरले." बावन्न वर्षांची बाई, माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत निम्मं आयुष्य आम्लांच्या बाटल्या हाताळलेली, आणि नखाला भिते. हसायचं तर हसा. ज्यानं विलासचं नख पाहिलंय तो हसणार नाही.

विलास आमच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने गोळा करायला लागला, तेव्हा माझी नोकरी सातेक वर्षांची झाली होती. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, शेतीची पदविका अर्धवट सोडलेला, अंगानं शिडशिडीत. शर्ट मात्र इतका स्वच्छ, की हा माणूस शेतातून आलाय हे पटू नये. मोटरसायकलला दोन्ही अंगांनी पिशव्या अडकवून निघायचा आणि काटेवाडी, कऱ्हाटी, पार इंदापूरच्या पुढं उजनी धरणाच्या फुगवट्यापर्यंत फिरून यायचा. संध्याकाळी माझ्या टेबलावर पिशव्या मांडायचा आणि मी यंत्र लावायच्या आत एकेकीतली चिमूट जिभेच्या टोकावर ठेवायचा.

"ही खारी. ही बरी. ह्या रानात युरिया लई ओतलाय."

मग चूळ भरून माझ्या आकड्यांची वाट बघत उभा राहायचा. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघायचं. नाही निघालं तर म्हणायचा, "ताई, यंत्र तपासून घ्या तुमचं." मी हसायचे. पण 'माझं चुकलं' हे शब्द त्या माणसाच्या तोंडून मी कधीच ऐकले नाहीत, आणि हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

बोलायचा अगदी हळू. इतकं हळू, की समोरच्याला वाकूनच ऐकावं लागायचं. बरोबर कायम एक पाण्याची बाटली असायची, ओलं गोणपाट शिवलेली. दर दहा मिनिटांनी मान मागं टाकून, गळ्याची घाटी हलवत तो पाणी प्यायचा, आणि ती बाटली दुसऱ्या कुणाला कधी द्यायचा नाही. माणसांविषयी बोलायचा तेही झाडांच्या भाषेत. आमच्या साहेबांना म्हणायचा, "सायेब नुसते पाल्यावर गेल्यात, ह्यांना फळ न्हाय लागायचं." शिपाईमामा पेन्शनीला आले तेव्हा म्हणाला, "काडी जुनी झाली, आता छाटून काय उपेग?" आम्ही सगळे खो खो हसायचो. मीसुद्धा.

आणि ते नख. अंगठ्याच्या पुढं अर्धा इंच आलेलं, चाकूसारखं घासलेलं. झाड जिवंत आहे की मेलंय हे बघायला फांदीची साल जराशी खरवडतात. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर गेलं. कुणीही शेतकरी हे करतो. विलास ते बोलता बोलता करायचा, खुर्चीच्या लाकडावर, दाराच्या चौकटीवर. एकदा माझ्या टेबलावर हात टेकून बोलत असताना त्यानं माझ्या मनगटावर सहज नख ओढलं आणि म्हणाला, "हिरवं हाय अजून." मी हात मागं घेतला. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

आता डाळिंबाचा ताण म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. डाळिंबाच्या झाडाला बारमाही पाणी दिलं तर ते नुसतं हिरवंगार राहतं, धड फुलत नाही. म्हणून बहार धरायचा असला की आधी पाणी तोडतात. महिनाभर, कधी जास्त. पानं पिवळी पडतात, गळतात, बाग जळाल्यासारखी दिसते. मग छाटणी करून, खत घालून हलकं पाणी सोडलं, की मरता मरता वाचलेलं झाड अंगभर लाल कळीनं फुटतं. याला ताण देणं म्हणतात. हे खोटं नाही. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुढं जे घडलं ते आमच्याकडेच घडू शकलं. दुसऱ्या भागातल्या माणसानं विलासला वेड्यात काढलं असतं. आमच्या माणसांनी माना डोलावल्या.

फक्त एक गोष्ट महत्त्वाची: ताण किती द्यायचा ते जमिनीवर ठरतं. काळी भारी जमीन ओल धरून ठेवते, तिथं चाळीस दिवस चालतात. मुरमाड हलक्या जमिनीत वीस-पंचवीस दिवसांच्या पुढं झाड दगावतं. हे विलासला मीच शिकवलं होतं, अहवाल समोर ठेवून.

कऱ्हाटीच्या तात्यांची बाग त्यानं हातात घेतली, त्या उन्हाळ्यात मी नमुने घ्यायला बरोबर गेले होते. तात्या म्हणजे सत्तरीतला गडी, डाळिंबावर लेकरासारखी माया. पाणी तोडून महिना झाला होता. झाडांवर पान राहिलं नव्हतं. तात्यांची बायको बांधावर बसून डोळ्याला पदर लावत होती.

"इलासराव, सोडा आता पानी," तात्या हात जोडून म्हणाले. "बघवंना वं."

विलास पाण्याच्या कॉकवर मांडी घालून बसला होता. खरोखरच कॉकवर, कुणी उघडू नये म्हणून. त्यानं बाटली उघडली, मान मागं टाकून पाणी प्यायला, तोंड पुसलं.

"तात्या, मागतंय तवर द्यायचं नसतं. मागायचं थांबलं की द्यायचं."

"झाड कुठं मागतंय? मी मागतोय."

"तेच की. तुमी थांबा मागायचं."

तो तसा अकरा दिवस बसला. जेवण तिथंच, झोप तिथंच. आणि जूनमध्ये त्या बागेला जी कळी लागली, तशी कळी तात्यांच्या उभ्या हयातीत लागली नव्हती. अख्खं गाव बघायला लोटलं. तात्या विलासच्या पायावर आडवे झाले. मी अगदी जवळ उभी होते. सत्तरीचा म्हातारा पायावर पडल्यावर कुठलाही माणूस ओशाळतो, खांदे धरून उठवतो. विलासनं उठवलं नाही. त्यानं खाली बघितलं आणि तात्यांच्या मानेवरून हलकेच नख फिरवलं.

गावानं न बघितलेली एक गोष्ट मी बघितली होती. त्या बागेचा वरचा पट्टा मुरमाड होता, अहवालात मी तसं लिहिलंही होतं. त्या पट्ट्यातली वीस-बावीस झाडं मेली. गाव जमायच्या दोन दिवस आधी विलासनं ती मुळासकट उपटून ओढ्यात जाळली आणि जागा नांगरून घेतली. मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, बहार बघायला आलेल्या मानसाला मेलेलं झाड दावू नये." आणि मी गप्प बसले. साधी नोकरदार बाई, मला काय पडलंय? बैल गेला आणि झोपा केला, अशी गत माझी नेहमीचीच.

तात्यांचा थोरला मुलगा बबन पैलवानी अंगाचा होता आणि दारूनं वाया गेलेला. बाग फुलल्यावर तात्यांनीच विलासला विनवलं, "ह्याला बी ताण द्या." सगळे हसले. विलास हसला नाही. त्यानं बबनला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत बसवलं, दिवसाला दोन पेले पाणी, मग एक, मग अर्धा. नवव्या दिवशी दार उघडलं, तेव्हा बबन लहान पोरासारखा रडत बाहेर आला आणि त्यानंतर दारूला शिवला नाही. नऊ दिवस कोंडल्यावर कुणाचीही सुटेल, पुढं टिकेल की नाही हा प्रश्न वेगळा. पण बबनची टिकली, हेही खरं. तो विलासला 'मालक' म्हणू लागला. बागेचा असतो तसा मालक.

वर्षभरात विलासनं नोकरी सोडली. इंदापूरच्या अंगाला, फुगवट्याच्या काठच्या उंच माळावर एका भक्तानं त्याला जागा दिली. तिथं हिरव्या शेडनेटच्या खोल्यांची रांग उभी राहिली आणि तिला नाव पडलं 'बहार'. लोक घरदार सोडून तिथं राहायला लागले. दारुडे आले, मोबाइलशिवाय जेवण न जाणारी कॉलेजची पोरं आली, सासूशी न पटणाऱ्या सुना आल्या, सुनेशी न पटणाऱ्या सासवाही आल्या. फोनवर त्याचे व्हिडिओ फिरू लागले: भक्ताच्या हातावर नख ओढायचं, थांबायचं, आणि त्या हळू आवाजात म्हणायचं, "हिरवं हाय अजून." लोक धाय मोकलून रडायचे. पुढाऱ्यांच्या गाड्या लागायला लागल्या. वर्तमानपत्रांत कुणी बाजूनं लिहिलं, कुणी विरोधात. विरोधात लिहिणाऱ्यांच्या दारात रोज माणसं येऊन नुसती उभी राहायची, न बोलता, ओठ फुटलेली. त्या भुताटकीला भिऊन लिहिणारे गप्प झाले.

आणि मग माझी धाकटी बहीण तिथं गेली.

अलकाचं सासर इंदापूर तालुक्यातलं. लग्नाला चौदा वर्षं, मूल नाही. पुण्याचे डॉक्टर झाले, अकलूजचे झाले, नवस झाले. तिच्या सासरी डाळिंबाची बाग. ज्या घरानं दरवर्षी वाळलेल्या झाडाला कळी लागताना पाहिलीय, त्या घराला विलासचं म्हणणं पटायला कितीसा वेळ लागणार? बाईलाही ताण दिला की कूस उजवेल. नवऱ्यानंच तिला नेऊन सोडली. जाताना प्रत्येकानं आपला पेला न्यायचा, दिवसाचं मोजकं पाणी त्यातूनच मिळायचं, ही तिथली रीत. अलकानं आईनं लग्नात दिलेला स्टीलचा पेला नेला, 'चि. सौ. कां. अलका हिस आईकडून' असं कोरलेला.

मला कळलं तेव्हा अठरा दिवस होऊन गेले होते. अलका लहानपणापासून अशक्त, रक्त कायम कमी. उपासाच्या दिवशी चक्कर येऊन पडणारी. मी पोलिसांत गेले. ते म्हणाले, सज्ञान बाई आहे, नवऱ्याच्या संमतीनं आणि स्वखुशीनं गेलीय. दुसऱ्या दिवशी मी गाडी केली आणि एकटी माळावर गेले. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं भांडण केलं असतं, आणि भांडून तिथून कुणी परत आणलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्या माळावरून फुगवट्याचं पाणी दिसतं. लांबच लांब, चकचकीत, कडेला पक्ष्यांचे थवे. आणि ताणावर बसलेल्या माणसांना मुद्दाम त्या पाण्याकडं तोंड करून बसवलेलं. पन्नासएक माणसं, मातीच्या रंगाच्या कपड्यांत, एका ओळीत, झाडांमध्ये सोडतात तितकं अंतर सोडून. कुणी बोलत नव्हतं. मागच्या भिंतीवर खिळ्यांना पेले टांगलेले, प्रत्येकावर नाव. वाऱ्यानं ते एकमेकांवर आपटायचे, तेवढाच आवाज. दोन-तीन खिळे रिकामे होते.

"इथले पेले कुठं गेले?" दारावरच्या बाईला मी विचारलं.

"ती झाडं गेली."

"कुठं गेली?"

"गेली," ती म्हणाली आणि गोड हसली.

गाडीत बसून निघून जावं असं मनापासून वाटलं, हे लिहायला मला लाज वाटते. मग ओळीत अलका दिसली. गालफडं बसलेली, ओठांवर खपल्या. मी तिच्यापुढं बसले, पर्समधली बाटली काढून तिच्या तोंडाला लावली. तिनं तोंड फिरवलं.

"आक्का, मला तहान न्हाय."

"अलके, चल घरी. उठ."

"मला खरंच तहान न्हाय गं," ती म्हणाली, समजूत घालत असल्यासारखी. माहेरी असताना शुद्ध बोलणारी माझी बहीण त्या माणसाच्या बोलीत बोलत होती. मागायचं थांबलं होतं. मला तात्यांची बाग आठवली.

"ताई!" मागून तो हळू आवाज आला. "लई दिसांनी."

विलास तसाच होता. पांढरा शुभ्र शर्ट, हातात गोणपाटाची बाटली. मागं बबन उभा, आडदांड, हात जोडून. विलासनं बाटली उघडली, सगळ्या ओळीसमोर मान मागं टाकली आणि प्यायला. ओळीतल्या प्रत्येकाचा गळा त्याच्या गळ्याबरोबर हलला. मी ते पाहिलं. अजून झोपेत दिसतं.

"तुला लागतं पाणी," मी म्हणाले.

"बागवाल्यालाच तहान लागली तर बाग कुणी बघायची?" मग त्यानं अलकाची बाही वर सारली आणि दंडापासून मनगटापर्यंत नख ओढलं. पांढरी रेघ उठली आणि तशीच राहिली. "हिरवं हाय अजून. हिला चाळीस दिलेत."

मी ओरडू शकत होते. पाया पडू शकत होते. पण इतकी वर्षं या माणसाला मी एकाच कामासाठी ओळखत होते आणि तेच तोंडातून बाहेर आलं. अहवाल वाचताना काढते तो आवाज काढला.

"विलास, ही जमीन हलकी आहे."

त्यानं मान तिरकी केली.

"आमच्या घरचीच हलकी. आईही अशीच होती. हातभर खाली मुरूम. वीसच्या पुढं काडी वाळेल. चाळीस भारी जमिनीला चालतात, हे तुला मी शिकवलंय."

त्यानं अलकाच्या कपाळावरून अंगठा फिरवला आणि जिभेला लावला. "खारी हाय," तो पुटपुटला.

"खारी आणि हलकी. कऱ्हाटीच्या वरच्या पट्ट्यासारखी."

वरचा पट्टा म्हणताच त्यानं माझ्याकडं पाहिलं. ओढ्यात जाळलेली झाडं त्याला आठवली, हे मला दिसलं. मला आठवतात हेही त्याला कळलं. माझी पाठ घामानं भिजली होती. बबन भोळेपणानं आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता.

"हिचा ताण तोडा," विलास शेवटी म्हणाला. "पयलं पानी हलकं. घोट घोट."

भिंतीवरचा पेला आला. तो त्यानं स्वतःच्या हातानं अलकाच्या ओठाला लावला, आणि माझ्या बाटलीला तोंड फिरवणारी माझी बहीण त्याच्या हातून घटाघटा प्यायली. मी तिला उठवलं. बखोटीला धरून गाडीकडं नेऊ लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, आणि या वेळी तो हळू नव्हता.

"आज ताईंनी डोळे उघडले! सगळ्या झाडांना एकच ताण कसा चालंल? जमीन बघून द्यायला पायजे." आणि तो ओळीतून चालायला लागला. एकेकाच्या हातावर नख ओढत. "हलकी. मध्यम. हलकी. भारी."

"मालक, माझी?" बबननं विचारलं.

"तुझी भारी, बबन. काळीशार. तुला चाळीस, वर आणखी धा."

बबनचं तोंड आनंदानं फुललं. शाळेत पहिला नंबर आल्यासारखं. मी गाडीचं दार उघडून उभी होते आणि मला सगळं ऐकू आलं होतं. मागं वळून 'असं नसतं, माणसाला जमीन नसते, मी बहिणीला सोडवायला खोटं बोलले' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी अलकाला आत ढकललं आणि ड्रायव्हरला म्हटलं, "चला."

बबन गेला तेव्हा त्याचे पन्नास काय, चाळीसही दिवस भरले नव्हते. तात्यांनी तक्रार केली नाही. मी भेटायला गेले, तेव्हा म्हणाले, "मालकाची काय चूक न्हाय, बाई. पोरगंच कमी पडलं. जमीन भारी व्हती, असं तपासून सांगितलं व्हतं म्हणं कुनीतरी." मला उठताही येईना आणि बसवतही नव्हतं. तक्रार केली ती बबनच्या बायकोनं, सगळ्या भावकीचे शिव्याशाप खाऊन. मग पोलीस माळावर गेले, विलासला धरलं, शेडनेट उतरलं. रिकाम्या खिळ्यांच्या माणसांचं काय झालं, तेही निघालं. पोलिसांना मी जबाब दिला. त्यात सगळं सांगितलं, एक सोडून. ते इथंच पहिल्यांदा लिहितेय.

अलका बारामतीला लागून असलेल्या जळोचीला माझ्याकडं राहायला आली. दवाखान्यानं तिला वाचवली, वजन भरलं, केस पुन्हा दाट झाले. पण पाणी मागायची नाही. ताटाशेजारी भांडं भरून ठेवलं तरी ते उचलून हातात दिल्याशिवाय प्यायची नाही. मी कामावर गेले की दुपारभर तशीच बसून राहायची, समोर माठ असताना. शेजारच्या बाईंना सांगून ठेवावं लागायचं. मी रागावून, रडून, शपथा घालून पाहिलं. ती म्हणायची, "आक्का, मला लागतच न्हाय."

दीड वर्ष असं गेलं. मग एका दुपारी मी भाकऱ्या थापत होते, आणि अलका उठली, माठाचं झाकण काढलं, ओघराळ्यानं पाणी घेतलं आणि उभ्याउभ्या प्यायली. पुन्हा घेतलं. मी तव्यावरची भाकरी जाळली. त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला, आणि मी काही फार देवभोळी बाई नाही. वाटलं, सुटली. आपण केलं ते वाईट केलं, पण ही तरी सुटली.

पुढच्याच आठवड्यात बारामतीच्या कोर्टात विलासची तारीख होती आणि मला साक्षीला बोलावलं होतं. अलका म्हणाली, "मी येते. तुझ्याबरोबर कुणीतरी हवं." तिचं बोलणं शुद्ध झालं होतं. मला बरंच वाटलं.

कोर्टाच्या आवारात ऊन मी म्हणत होतं. बाहेर त्याची माणसं उभी होती, मातीच्या रंगाच्या कपड्यांत, अंतर सोडून, ओठ फुटलेली. तो सुटेपर्यंत ताण धरलाय म्हणे. पोलिसांची गाडी आली. विलास उतरला, वाळलेला, दाढी पांढरी, शर्ट मात्र तसाच स्वच्छ. शिपायानं त्याला प्लॅस्टिकची बाटली दिली. त्यानं मान मागं टाकली आणि प्यायला, आणि ओळीतले गळे हलले. मी त्याच्या हाताकडं पाहिलं. तुरुंगात नख कापलं होतं. बोथट, सगळ्यांसारखा अंगठा. माझ्या छातीवरचा दगड उतरला. काय हा वेडेपणा, एका नखाला भ्यायलो आपण, असं मनात आलं.

त्यानं आम्हाला पाहिलं. माझ्याकडं बघून मान लववली, जुन्या ओळखीच्या माणसाला लववावी तशी. मग त्याची नजर माझ्या शेजारी गेली आणि त्यानं तो बोथट अंगठा जरासा वर उचलला.

अलकानं साडीचा पदर बाजूला केला, बाही वर सारली आणि हात पुढं धरला.

मी तिचं मनगट धरून खाली ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. तो हात खाली येईना.